बुरशीला उपाशी ठेवण्याआधी

सकाळी उठल्यावर चूळ भरण्याआधी काचेच्या पेल्यातल्या पाण्यात थुंकायचे आणि पाऊण-एक तास वाट पाहायची. थुंकीचे धागे खाली उतरताना दिसले, की शरीरात यीस्ट माजले आहे असे समजायचे. ही ‘घरगुती चाचणी’ मोबाइलवरून घरोघर पोचली आहे. तिच्या मागोमाग एक आहारतक्ताही येतो. साखर, गूळ, फळे, भात, पोळी, पाव, दूध, आंबवलेले पदार्थ हे सगळे काही आठवडे बंद. थकवा, पोटफुगी, डोकेदुखी, केस गळणे, कामात लक्ष न लागणे या सगळ्यांचे मूळ यीस्टमध्ये आहे आणि साखर तोडली की यीस्ट उपासमारीने मरते, असा त्यामागचा दावा. चाचणीचे म्हणाल, तर लाळेत म्युसिन नावाचा चिकट घटक असतो. रात्रभर पाणी न प्यायलेल्या माणसाची लाळ घट्ट होते आणि घट्ट लाळेचे धागे पाण्यात खाली उतरतातच. यीस्टबद्दल त्यातून काहीही कळत नाही. पण म्हणून हा विषयच सोडून देता येणार नाही. यीस्टचा खरा त्रास असणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांत बायका अधिक आहेत आणि त्यांतल्या अनेकजणी तो कोणाला न सांगता सोसतात. आहाराचाही या त्रासाशी संबंध आहे. फक्त तो तक्त्यात लिहिला आहे तसा नाही.

कँडिडा अल्बिकन्स ही यीस्ट वर्गातली बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात मुक्कामाला असते. तिच्या शेजारी राहणारे जिवाणू, धडधाकट त्वचा आणि आपली प्रतिकारशक्ती मिळून तिला आवरून धरतात. त्यामुळे शौचाच्या तपासणीत किंवा तोंडातल्या नमुन्यात कँडिडा सापडली, एवढ्यावरून आजार ठरत नाही. हा बंदोबस्त ढिला पडला की आजार होतो. प्रतिजैविकांनी राखणदार जिवाणू मेले, रक्तातली साखर चढली, गरोदरपणात संप्रेरके बदलली, दम्याच्या पंपातले स्टिरॉइड तोंडात राहिले, कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली, एचआयव्हीने किंवा कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खचली, किंवा अंगात पुरेसे अन्नच गेले नाही, की तीच बुरशी वाढते आणि त्रास देऊ लागते. या यादीत ‘गोड खाल्ले’ हे कारण सुटे येत नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

सर्वांत जास्त आढळणारा आजार योनिमार्गाचा. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. तीव्र खाज, लाली, लघवी करताना बाहेरच्या बाजूला जळजळ, शरीरसंबंधात वेदना आणि फाटलेल्या दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव ही त्याची लक्षणे. या स्रावाला सहसा वास नसतो. पातळ, करडा आणि माशासारखा वास येणारा स्राव बहुधा जिवाणूंच्या असंतुलनाचा असतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा असू शकतो आणि तो संबंधातून पसरतो. तिन्हींची औषधे वेगळी. हा फरक स्वतःचा स्वतः ओळखणे वाटते तितके सोपे नाही. यीस्टच आहे अशा खात्रीने दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची अमेरिकेत तपासणी झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम एक तृतीयांश जणींनाच निव्वळ यीस्टचा संसर्ग निघाला. बाकीच्यांतल्या अनेकजणींसाठी ते औषध चुकीचे किंवा अपुरे होते.

आपल्याकडे याच्या जोडीला आणखी एक गैरसमज आहे. ‘अंगावरून पांढरे जाते, म्हणून अशक्तपणा येतो’ हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते. पाळीच्या चक्राच्या मध्यावर येणारा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव आणि पाळीआधीचा किंचित पांढरट स्राव नैसर्गिक आहे. त्यातून शरीरातली ताकद वाहून जात नाही. अशक्तपणा असेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा रक्तात असते. त्याकडे पुढे येऊच. खाज नाही, वास नाही, जळजळ नाही, तर त्या स्रावाला औषध नको.

तोंडातला संसर्ग ओळखायला त्यामानाने सोपा. जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला पांढरे थर येतात. हलक्या हाताने पुसले तर निघतात आणि खाली लालभडक, कधी रक्ताळलेली त्वचा दिसते. तान्ह्या बाळांत तो नेहमी आढळतो आणि औषधाच्या थेंबांनी लवकर बरा होतो. बाळाच्या तोंडात असे काही दिसले की टाकणखाराची लाही मधातून लावायची रीत अजून अनेक घरांत आहे. ती सोडायला हवी. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. प्रौढ माणसाच्या जिभेवर सकाळी दिसणारा पांढरट लेप मात्र सहसा यीस्टचा नसतो. ओठांच्या कोपऱ्यांना पडणाऱ्या चिरांत कँडिडा सापडते, पण त्या चिरांच्या मागे लोह किंवा ब जीवनसत्त्वांची कमतरताही असू शकते.

त्वचेवर ही बुरशी ओल शोधते. स्तनांच्या खाली, जांघेत, पोटाच्या वळ्यांत लाल चट्टा आणि त्याच्या कडेने बारीक पुटकुळ्या. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या हातांची बोटांमधली त्वचा सोलवटते, नखाच्या मुळाशी सूज येऊन जुनाट नखुरडे होते. भातलावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्यांमध्येही बुरशीचा हात असतो. गजकर्ण किंवा नायटा मात्र यीस्टचा नव्हे. तो वेगळ्या जातीच्या बुरशीचा आजार आहे आणि गेल्या दशकात देशभर चिवट होऊन बसला आहे. त्याला खतपाणी घातले ते स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांनी. ही मलमे खाज तासाभरात शमवतात आणि बुरशी वाढवतात. २०१८मध्ये केंद्र सरकारने ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी औषधाच्या दुकानात ‘खाजेचे मलम’ मागितले तर काय हातात पडते, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता आहारतक्त्याकडे वळू. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे डॉक्टर ओरियन ट्रस यांनी असे मांडले की आतड्यातली कँडिडा रक्तात विषारी द्रव्ये सोडते आणि त्यातून नैराश्यापासून सांधेदुखीपर्यंत अनेक विकार होतात. टेनेसीतले बालरोगतज्ज्ञ विल्यम क्रुक यांनी १९८३मध्ये ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि ही कल्पना घराघरांत गेली. पुस्तकात एक प्रश्नावली होती. तिच्यातली लक्षणे इतकी सर्वसाधारण, की थकलेल्या कुठल्याही माणसाला आपले नाव त्यात सापडावे. १९८६मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने ही कल्पना सिद्ध झालेली नाही असे जाहीर केले. १९९०मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तिची थेट परीक्षाच प्रसिद्ध झाली. हा आजार असल्याचे मानल्या गेलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने निस्टॅटिन हे यीस्टनाशक आणि निव्वळ दिखाऊ औषध देण्यात आले. कोणते केव्हा मिळते आहे हे ना त्यांना माहीत होते, ना डॉक्टरांना. योनिमार्गाचा त्रास निस्टॅटिनने कमी झाला. थकवा, उदासी आणि बाकीची शारीरिक लक्षणे दोन्ही औषधांनी सारखीच सुधारली. यीस्ट मारूनही थकव्यात जास्तीचा फरक पडत नसेल, तर त्या थकव्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

साखरेचे काय? यीस्ट साखरेवर जगते हे खरे. पाव फुगतो तो त्यामुळेच. पण आपण खाल्लेली साखर लहान आतड्यात शोषली जाते आणि निरोगी शरीर रक्तातली तिची पातळी ठरावीक मर्यादेत राखते. चहातला चमचा थेट योनिमार्गात जाऊन पोचत नाही. तिथे यीस्टला मिळणारे खाद्य मुख्यतः इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली तयार होणाऱ्या ग्लायकोजेनचे. म्हणूनच हा आजार जननक्षम वयात आणि गरोदरपणात जास्त, वयात येण्याआधी आणि पाळी गेल्यानंतर कमी. १९९९मध्ये जर्मन संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम साखर आणि मैद्याचा भरपूर आहार देऊन पाहिले. त्यांच्या आतड्यातल्या कँडिडावर त्याचा फारच मर्यादित परिणाम झाला. पाव, इडली, डोसा, आंबोळी यांचीही भीती नको. पावातले यीस्ट वेगळ्या जातीचे असते आणि भट्टीत ते मरून जाते. इडलीचे पीठ आंबवण्याचे काम प्रामुख्याने जिवाणू करतात.

याला अपवाद आहेत आणि ते नोंदवायला हवेत. आतड्यातले यीस्ट पिष्टमय अन्नापासून मद्यार्क तयार करते आणि दारूला न शिवलेला माणूस झिंगतो, असा एक अतिशय दुर्मीळ विकार आहे. १९७०च्या दशकात जपानी डॉक्टरांनी त्याच्या नोंदी केल्या. त्यात बुरशीनाशक औषधांबरोबर पिष्टमय पदार्थ कमी करणे हा उपचाराचाच भाग असतो. लहान आतड्यात बुरशी प्रमाणाबाहेर वाढून पोट फुगते, जुलाब होतात, हाही खरा विकार आहे. त्याचे निदान दुर्बिणीतून आतड्यातला द्रव काढून तो तपासल्यावर होते. प्रश्नावली भरून किंवा पेल्यात थुंकून नव्हे.

तरीही तक्ता पाळणाऱ्या अनेकांना बरे वाटते आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. मैदा, तळण, थंड पेये, दारू, दिवसातून पाच-सहा वेळचा गोड चहा बंद झाला तर कुणालाही हलके वाटेल. गहू, दूध, कांदा, काही फळे यांतल्या आंबणाऱ्या शर्करांनी ज्यांचे पोट फुगते, त्यांची पोटफुगीही थांबेल. यीस्ट त्यात आले कुठे? पहिल्या आठवड्यात डोके दुखले तर ‘यीस्ट मरते आहे’ असे सांगितले जाते. ते दुखणे बहुधा अचानक तुटलेल्या चहाकॉफीचे आणि अपुऱ्या जेवणाचे असते.

साखरेचा मुद्दा जिथे खरा ठरतो ती जागा मधुमेहाची. रक्तातली साखर सतत चढी असली की लाळेत, घामात, लघवीत ती उतरते आणि बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांतल्या पुष्कळांना हे ठाऊक नाही. वारंवार होणारी जांघेतली खाज, पुरुषांत शिश्नाच्या टोकाची लाली, पुन्हा पुन्हा उलटणारा योनिमार्गाचा संसर्ग ही मधुमेहाची पहिली खूण असू शकते. म्हणून वर्षात तीन-चार वेळा यीस्टचा त्रास झालेल्या प्रत्येकाने आहार बदलण्याआधी रक्तातली साखर आणि गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी तपासून घ्यावे. दुसरी गोष्ट औषधाची. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या गुणकारी आहेत आणि २०२०नंतर डॅपाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्याने लहान गावांतही लिहून दिल्या जातात. लघवीतल्या साखरेमुळे जननेंद्रियांवर यीस्टचा संसर्ग हा त्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. गोळी मनाने बंद करू नये. पण खाज सुटल्यावर लाजेने गप्पही बसू नये. गोळी देताना डॉक्टरांनीच ही शक्यता दोन वाक्यांत सांगावी, अशी आमची अपेक्षा आहे.

मधुमेह असलेल्यांसाठी ताटातला बदल हाच यीस्टवरचा टिकाऊ उपाय आहे आणि तो आपल्या स्वयंपाकघराच्या आवाक्यातला आहे. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, तिच्याबरोबर मटकीची किंवा मुगाची उसळ, भरपूर पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, वाटीभर ताक. भात आवडत असेल तर थोडा, वरणाच्या जोडीने. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. चहातली साखर हळूहळू उतरवावी. श्रावणातल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा पोटभर खाणाऱ्या मधुमेहींनी भगर, शेंगदाणे, दही, राजगिरा यांकडे वळावे आणि प्रमाण सांभाळावे. साखर आटोक्यात आली की बुरशीचा मुक्काम आपोआप आखडतो.

आम्हाला सर्वांत जास्त खटकते ते मात्र वेगळेच. यीस्ट फक्त अतिपोषणावर वाढते असे नाही. तीव्र कुपोषित बालकांच्या तोंडात ती हमखास आढळते, कारण उपाशी शरीर तिला अडवू शकत नाही. लोह कमी असेल तर तोंडातली नाजूक त्वचा पातळ होते आणि संसर्गाशी लढण्याची ताकद घटते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. थकवा, केस गळणे, लक्ष न लागणे, धाप ही या रक्तक्षयाची नेहमीची लक्षणे, आणि नेमकी हीच लक्षणे यीस्टच्या तक्त्यात वरच्या ओळीत छापलेली असतात. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या, उरलेल्यावर भागवणाऱ्या बाईला फळ, दूध, भात, पोळी सोडायला सांगणारा सल्ला तिचा आजार वाढवतो. तिच्या ताटातून काढून घेण्याजोगे फारसे काही नसतेच.

तिला भर घालून द्यायला हवी. डाळ किंवा उसळ दोन्ही वेळा, वर लिंबू पिळून, म्हणजे लोह अंगी लागते. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराच्या अंतराने. पालेभाजी, हळीव, तीळ, खजूर, आणि खाणाऱ्यांच्या घरात अंडे, सुकट, मासळी, मटण. हिमोग्लोबिन बरेच खाली असेल तर नुसत्या आहाराने ते भरून निघत नाही. लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्याच लागतात आणि सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. काळे शौच किंवा मळमळ झाली म्हणून त्या अर्ध्यावर सोडल्या जातात. हे दोन्ही अपेक्षित आहे, हे आधी सांगितले तर त्या सुटणार नाहीत.

दह्याबद्दल वाचक हमखास विचारतात. रोज दही खाल्ल्याने संसर्ग कमी होतात असे १९९२च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात दिसले, पण त्यात सहभागी स्त्रिया थोड्या होत्या आणि अनेकींनी तो मध्येच सोडला. २००४मध्ये ऑस्ट्रेलियात प्रतिजैविके घेणाऱ्या २७८ स्त्रियांना उपयुक्त जिवाणूंच्या पुड्या आणि गोळ्या देऊन पाहिल्या. संसर्ग टळला नाही. दही-ताक जरूर खावे. त्यात प्रथिने आहेत, कॅल्शियम आहे. प्रोबायोटिक कॅप्सूलवर महिन्याला शेकडो रुपये घालवण्याइतका पुरावा नाही. खोबरेल तेलातली काही आम्ले आणि लसणाचा अर्क प्रयोगशाळेच्या बशीत कँडिडाला मारतात, हे खरे आहे. बशीत आणि शरीरात फार अंतर आहे. लसूण आमटीत घालावा. योनिमार्गात लसणाची पाकळी किंवा दही ठेवण्याचे सल्ले कुणीही मानू नयेत, त्याने तिथली त्वचा पोळते किंवा नवा संसर्ग होतो. साबण, सुगंधी द्रव्ये आणि आतून धुण्याची द्रावणे यांचीही तिथे गरज नाही. सुती अंतर्वस्त्रे, पावसाळ्यात ओले कपडे लगेच बदलणे, कवळी रात्री काढून ठेवणे आणि दम्याचा पंप ओढल्यावर खळखळून चूळ भरणे यांचा उपयोग याहून जास्त होतो.

नेमके निदान झाले की उपचार साधा आहे. निस्टॅटिन १९५०मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवले. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन शोधले आणि ते तोंडातल्या व योनिमार्गातल्या कँडिडावर वापरले गेले. महाराष्ट्राच्या मातीने या आजारावर दिलेले हे औषध आज फारसे कुणाला आठवत नाही. आता क्लोट्रिमाझोलची मलमे आणि योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या आहेत, फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी आहे. गरोदर स्त्रीने फ्लुकोनाझोल पोटात घेऊ नये. तिला स्थानिक औषध द्यावे. त्रास वारंवार उलटत असेल तर डॉक्टर सहा महिने दर आठवड्याला एक गोळी देतात. पण ही गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून घेत राहिल्यास औषधाला न जुमानणाऱ्या बुरशी वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये धोकादायक बुरशींची यादी केली तेव्हा सर्वांत वरच्या गटात कँडिडा अल्बिकन्ससोबत कँडिडा ऑरिस होती. २००९मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली ही जात अनेक औषधांना दाद देत नाही आणि आपल्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतही पोचली आहे.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त साधन सूक्ष्मदर्शक आहे. स्रावाचा किंवा खरवडलेल्या त्वचेचा नमुना काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की काही मिनिटांत यीस्ट आहे की नाही ते दिसते. क्षयरोगाच्या बेडक्याच्या तपासणीसाठी अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ आहेत. तोच तंत्रज्ञ हीही तपासणी करू शकतो. जोडीला रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन. खाजेची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीच्या या तीन तपासण्या केंद्रातच त्याच दिवशी व्हाव्यात, असा आदेश राज्याच्या आरोग्य विभागाने काढावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पदही लागत नाही. आशाताईंच्या प्रशिक्षणात अंगावरून जाणाऱ्या स्रावाचे प्रकार आणि लोहाच्या गोळ्यांचे दुष्परिणाम यांवर एक दिवस वाढवला, तर ज्या प्रश्नांची उत्तरे बायका आज मोबाइलवर शोधतात, ती त्यांना दारात मिळतील.